अकरा फळ्या

४ मार्च

दादा,

सकाळी फोन केला होता, तो वहिनीने उचलला. मागे तुझी करवत आणि तिच्यावर तुझं "काय? कोण? काय?" ऐकून मी ठेवून दिला. तीस वर्षं त्या यंत्राला चिकटून उभा राहिलास आणि कान घालवून बसलास, त्यामुळे तुला कामाचं काही सांगायचं तर कागदच बरा. आमच्या कारखान्याचे ड्रायव्हरकाका रोज तुझ्या वर्कशॉपवरून जातात. ते पत्र देतील, उत्तरही त्यांच्याकडेच दे.

तर ऐक, म्हणजे वाच. काम तुला मिळालं. चाळीस पॅलेटं, दोन कंटेनर, प्रत्येकात वीस. त्या फळ्यांच्या चौकटींवर पाण्याचे पंप जाणार आहेत. जहाज २० मार्चला सुटतं, म्हणून माल १२ तारखेपर्यंत आमच्या आवारात हवा.

नियम तुला माहीत आहेत, तरी लिहिते. लाकडाच्या गाभ्यात छप्पन्न अंश, सलग अर्धा तास. भट्टीचा ग्राफ सोबत. प्रत्येक पॅलेटवर दोन बाजूंना लाकूड तापवल्याचा तो कणसाच्या चित्राचा शिक्का आणि त्यात तुझा परवान्याचा नंबर. मागच्या वर्षी दुसऱ्या एकाकडून घेतलेल्या पॅलेटांत कीड निघाली आणि तिकडच्या बंदरावरून अख्खा माल परत आला. आपली कीड त्यांच्या जंगलात सुटली तर कोण निस्तरणार, असं त्यांचं म्हणणं. चूक काय आहे त्यात?

साहेब म्हणाले, "भावाला काम देताय?" मी म्हटलं, "भट्टीला देतेय. भट्टीचा मालक माझा भाऊ निघाला, त्याला मी काय करू?" ते हसले नाहीत. शिक्क्यात नंबर तुझा असला तरी हमीपत्रावर सही माझी आहे, एवढं डोक्यात ठेव.

धाकटी

७ मार्च

धाकटे,

पत्र वाचलं. तुला पाटीवर अक्षरं मी गिरवायला शिकवली आणि आता तू मला छप्पन्न अंश शिकवतेस. चालू दे.

लाकूड आलं, साल काढून झाली. उद्या पहिली वीस भट्टीत लावतो, परवा उरलेली. सगळ्यात जाड ठोकळ्याला भोक पाडून तापमापकाची सुई आत घालतो, म्हणजे गाभा तापल्याशिवाय काटा हलत नाही. ग्राफ आपोआप निघतो, त्यात मला मनानं काही भरता येत नाही. तुझ्या साहेबाला सांग, भट्टीला नातीगोती कळत नाहीत.

नंबरची काळजी मला तुझ्याहून जास्त आहे. महिनाअखेरीला भट्टीची वर्षाची तपासणी आहे. तो नंबर गेला तर बाहेरदेशीचं एक खोकंसुद्धा मला ठोकता येणार नाही, आणि माझ्याकडची सात माणसं त्या नंबरावर जेवतात.

बाबा असते तर त्यांना गंमत वाटली असती. जन्मभर जहाजावर चढणारी खोकी ठोकली आणि समुद्र काही पाहिला नाही. त्यांनी जमवलेल्या फळ्यांचा ढीग अजून मागच्या पत्र्याखाली आहे. वहिनी म्हणते, जागा अडते, काढा. मी काढत नाही.

तुझी गुडघेदुखी कशी आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे वाढली असणार.

दादा

१३ मार्च

दादा,

तुझी पॅलेटं पाहून आमच्या लोडिंगचा मुकादमसुद्धा गप्प झाला, आणि तो माणूस झोपेतही बोलतो असं त्याची बायको सांगते. एक फळी तडकलेली नाही, एक खिळा वर आलेला नाही. साहेबांनी फळ्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

ग्राफ तपासले, शिक्के तपासले, हमीपत्रावर सही करून टाकली. पहिला कंटेनर आज दुपारी बंदराकडे गेला. दुसरा भरून, सील लावून आवारात उभा आहे, तो १६ तारखेला निघेल. खूप दिवसांनी मी आज डबा वेळेवर खाल्ला.

एक विचारायचं राहिलं. भट्टीतून काढलेल्या लाकडात थोडीफार तडक असतेच, असं तूच म्हणायचास. या वेळी एकही कशी नाही?

धाकटी

१४ मार्च

धाकटे,

तुझ्या नजरेला मानलं. सगळ्या कारखान्यात तुलाच तेवढं दिसलं!

झालं असं, की शिक्के मारून झाल्यावर ११ तारखेला पॅलेटं भट्टीच्या दाराशी रचून ठेवली होती. आमच्या फोर्कलिफ्टवाल्याने घाईत वळण घेतलं आणि अख्खी थप्पी कलंडली. अकरा पॅलेटांची एकेक वरची फळी, भट्टीत जराशी तडकलेली नेमकी तीच, फुटली. माणसाला काही लागलं नाही हे नशीब. पण दुसऱ्या दिवशी माल तुझ्याकडे पोचवायचा होता, आणि फुटकी फळी घेऊन माझं काम तुझ्या दारात यावं, तेही तुझ्या साहेबाने तसं बोलल्यावर? मला ते सोसलं नसतं.

म्हणून बाबांचा ढीग उघडला. काय लाकूड आहे, काय सांगू. दगडासारखं वाळलेलं. अकरा फळ्या कापल्या, रंधा मारला, स्वतः बसवल्या. तुझ्या साहेबाने हात फिरवला तो बहुधा बाबांच्याच फळीवर. बाबा एकदाचे समुद्रापलीकडे निघाले म्हणायचं.

तुला सांगणार नव्हतो, पण तू विचारलंस आणि मला राहवेना.

दादा

१५ मार्च

दादा,

पत्र कँटीनच्या दारात उभ्याने वाचलं आणि तशीच टेबलावर परत आले. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

त्या अकरा फळ्या भट्टीतून काढल्या होत्यास का? पत्रात तसं कुठे नाही. मी तीनदा शोधलं.

काढल्या नसतील तर त्या अकरा पॅलेटांवरचा शिक्का खोटा आहे. एक फळी बदलली तरी ती तापवलेल्याच लाकडाची हवी, नाहीतर जुना शिक्का खरवडून पुन्हा सगळं करायचं, हा नियम तुझ्या भिंतीवर टांगलेला मी स्वतः वाचलाय. आणि त्या शिक्क्यांच्या भरवशावर मी सही करून बसलेय.

अकरा कोणती ते सांग. बाबा दुरुस्तीच्या प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीचा त्रिकोण काढायचे, न दिसणाऱ्या बाजूला, तसा तू काढलास का? हो म्हण. काकांना मी दाराशी थांबवून ठेवलंय. उत्तर लगेच हवं.

धाकटी

१६ मार्च

धाकटे,

नाही काढल्या. वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. ज्या लाकडाला तीस वर्षांत काही झालं नाही त्याला अर्ध्या तासात काय होणार? कीड लागते ओल्या लाकडाला, सालीखाली. बाबांनी ती फळी न् फळी हाताने निवडली होती. आज तू एका कागदाच्या जोरावर त्यांच्या लाकडावर संशय घेतेस याचं मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

खूण केली आहे. फळीच्या पोटाला, मधल्या ठोकळ्याजवळ. सवय आहे, हात आपोआप जातो.

पण ती शोधून तू काय करणार ते मला कळू दे. तू कोणापाशी तोंड उघडलंस तर भट्टीची तपासणी होण्याआधीच माझा नंबर जाईल. सात घरांना मी काय सांगू, माझ्या बहिणीला कागद प्यारा होता म्हणून? शिक्का बाहेरून दिसतो, फळीचं पोट कोणी बघत नाही. माल जाऊ दे. तिकडे पोचला की पंप उतरतील, पॅलेटं मोडीत जातील, विषय संपेल.

तुझ्यापाशी मी आजवर काही मागितलेलं नाही.

दादा

१७ मार्च, सकाळी

दादा,

तू मागितलंस, आणि मी काल दुपारपासून तेच डोक्यात घोळवतेय. मला देता येत नाही.

काल तुझं पत्र मिळालं तेव्हा दुसरा कंटेनर निघायला दीड तास होता. सील तोडायचं तर साहेबांना सांगावं लागतंच, म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पंपांसकट एकेक पॅलेट खाली घेतलं. मी पर्समधला आरसा आणि टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी, फोर्कलिफ्टचे दात घुसतात त्या फटीत आरसा धरून. या गुडघ्यांनी! मुकादम म्हणाला, "बाई, नेमकं काय शोधताय?" मी म्हटलं, "आमच्या वडिलांचं अक्षर."

वीस पॅलेटांत नऊ त्रिकोण निघाले. पहिला सापडला तेव्हा आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचीच लाज वाटली.

म्हणजे उरलेली दोन पहिल्या कंटेनरमध्ये आहेत, आणि तो बंदरात आहे. साहेब म्हणतात ही नऊ बदलू, दोन विसरून जा, अठरा चांगल्यांत दोन कोण बघतंय. तू म्हणतोस तेच ते म्हणतात. तुमचं दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालं.

मी उद्या सकाळी दहा वाजता बंदरावरच्या तपासनीसांना लेखी कळवणार आहे. तुझ्या नंबराचं काय होईल ते मला माहीत आहे. मला त्याने झोप लागलेली नाही. तरी सही माझी आहे, आणि ती खोटी आहे हे आता मला ठाऊक आहे. तुझ्या पाठीमागे काही केलं असं व्हायला नको, म्हणून एक दिवस आधी सांगतेय. शिव्या द्यायच्या तर कागदावर दे, मी वाचेन.

धाकटी

१७ मार्च, दुपारी

धाकटे,

हे पत्र विटांच्या गाडीवाल्याकडे देतोय, काकांची वाट बघायला वेळ नाही. तुझ्याकडून काही आलं असेल तर ते अजून वाटेत असेल, मी वाचलेलं नाही.

काल तुला लिहिल्यापासून माझं कामात लक्ष नव्हतं. आज सकाळी रागारागानेच ढिगाजवळ गेलो. मनात म्हटलं, एक फळी चिरून तिच्यापुढे टाकतो, बघू दे गाभा. वरून गुळगुळीत होती. करवतीखाली घातली आणि पाती सरकन आत गेली, जणू लाकूडच नव्हतं. आतून पीठ सांडलं. बारीक, पांढुरकं, मूठभर. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, आणि एका भोकात काहीतरी हललं.

दुसरी चिरली, तीही तशीच. सात चिरल्या, त्यातल्या पाच पोखरलेल्या. तुझ्याकडे गेलेल्या अकरांत किती असतील ते मला सांगता येत नाही.

मी चुकलो. सुकलेल्या लाकडाचीही वेगळी कीड असते हे मला माहीत होतं गं. भट्टीच्या परवान्यासाठी परीक्षेला बसलो होतो ना मी, तेव्हा वाचलं होतं. पण बाबांच्या लाकडाला ती लागेल असं मनातच आलं नाही.

तू कोणाला सांगितलं नसशील तर आता सांग. माझ्यासाठी थांबू नकोस. नंबर गेला तर जाऊ दे. भट्टीतून काढलेली दुसरी अकरा पॅलेटं ग्राफसकट गाडीवर चढवतोय. लागतील तेवढी तुझ्या आवारात उतरवतो आणि उरलेली घेऊन मी स्वतः बंदरात जातो.

दादा

२३ मार्च

दादा,

बंदरावर तू माझ्याशी दोन शब्द बोलला नाहीस. मीही बोलले नाही. आधी राग म्हणून, मग डोळे भरले म्हणून. आपली दोन्ही पत्रं एकमेकांना ओलांडून गेली हे मला तुझं पत्र हातात पडल्यावर कळलं, तोवर मी तपासनीसांना कळवून बसले होते.

तू तिथे जमिनीवर उकिडवा बसून रंध्याने स्वतःचा नंबर खरवडत होतास, तेव्हा तुझ्या पाठीमागे बरंच बोलणं चाललं होतं. तुला त्यातलं काही ऐकू आलं नसणार, म्हणून लिहितेय.

तपासनीस आधी फार चिडले होते. त्यांनी बाहेर काढलेली एक फळी उभी चिरायला लावली, आणि तिच्यातून तेच पीठ निघालं. ते म्हणाले, "हे जहाजावर चढलं असतं तर?" साहेब माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. मग तपासनीसांनी विचारलं की चाळीसातून नेमकी अकरा कशी शोधली, कशावरून अकराच? मी फळी उलटी करून त्रिकोण दाखवला. त्यांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला. मुकादम मध्येच बोलला, त्याला कोण थांबवणार, "साहेब, चोर कधी खूण करतो का?"

तपासनीस म्हणाले, "नंबर थांबवावा लागेल. त्यातून सुटका नाही. पण खूण नसती तर चाळीसच्या चाळीस खाली घ्यावी लागली असती आणि नंबर कायमचा गेला असता." हे त्यांनी तुझ्या पाठीकडे बघत म्हटलं. तुझा रंधा चालूच होता. शिक्का केव्हाच गेला होता, तरी तू थांबत नव्हतास.

पहिला कंटेनर २० तारखेच्या जहाजाने गेला, दुसरा पुढच्या जहाजाने जाईल. मला निर्यातीच्या टेबलावरून काढून स्टोअरमध्ये टाकलंय. आत येणारा माल मोजून घ्यायचा, सहीचा प्रश्न नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत, पण उशिरा केलंत."

नंबर किती दिवस थांबवला ते कळव. वहिनीला विचारलेलं सांग.

धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

तीन महिने. नंतर नवी तपासणी, मग ठरवणार. तोवर जवळपासच्या गिऱ्हाइकांची खोकी आणि शाळेचे बाक. सातांपैकी दोघं दुसरीकडे गेले. त्यांना दोष देत नाही. जाताना एकजण म्हणाला, नंबर आला की बोलवा.

स्टोअरची खुर्ची तुला माझ्यामुळे मिळाली. मी माफी मागितली तर तू चिडशील, म्हणून मागत नाही, पण ती मागितली असं समज.

बाबांचा ढीग उपसला. पोखरलेल्या सगळ्या फळ्या भट्टीच्या चुलीत घातल्या. वहिनीला वाटलं डोळ्यांत धूर गेला, आणि मी तिला तसं वाटू दिलं. जागा मोकळी झाली, आता तिला ती मोकळी बघवत नाही.

तपासनीस पाठीमागे काय म्हणाले ते तू लिहिलंस हे बरं केलंस. ते पान मी भिंतीवर नियमांच्या शेजारी लावलंय.

दादा

१९ जुलै

दादा,

तुझा नंबर परत आल्यावरची पहिली वीस पॅलेटं आज सकाळी आमच्याकडे आली. साहेबांनी स्वतःहून तुझ्याकडून मागवली होती हे तुला ठाऊक आहे. मी स्टोअरमध्ये उतरवून घेतली, शिक्के पाहिले, ग्राफ पाहिला. मग आरसा काढला. आता ती सवयच झालीय, सगळे हसतात.

एकोणीस स्वच्छ निघाली. विसाव्याच्या पोटाला त्रिकोण आहे.

दादा, पुन्हा? इतकं सगळं होऊन पुन्हा? मी ते पॅलेट बाजूला काढून त्यावर ताडपत्री टाकलीय, अजून कोणाला बोललेले नाही. उद्या दुपारी बारापर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर बोलेन. या वेळी मी एका दिवसाचाही उशीर करणार नाही, आणि तू भाऊ आहेस म्हणून तर मुळीच नाही.

धाकटी

२० जुलै, सकाळी सात

धाकटे,

काकांच्या इंजिनाचा आवाज मलासुद्धा ऐकू येतोय, इतके ते घाईत आहेत. म्हणून थोडक्यात लिहितो. कालच्या गाडीबरोबर चिठ्ठी द्यायची होती, ती टेबलावरच राहिली. चूक माझी.

ढिगातली एकच फळी धड निघाली होती. सगळ्यात खाली, भिंतीला टेकलेली. दोन्ही टोकं कापून बघितली, मध्ये भोक पाडून बघितलं, आत लाकूडच होतं. तीन महिने ती वेगळी ठेवली, खाली काळा कागद पसरून. पिठाचा एक कण पडला नाही.

नंबर आला त्या दिवशी ती इतर लाकडाबरोबर भट्टीत घातली. या वेळी एक सुई तिच्याच गाभ्यात होती. सोबत तिचा वेगळा ग्राफ पाठवतोय, पाहून घे. छप्पन्नच्या वर एक्केचाळीस मिनिटं. मग पॅलेट ठोकलं, आणि शिक्का सगळ्यात शेवटी मारला. तपासनीस समोर उभे होते, त्यांची सही ग्राफच्या खालच्या कोपऱ्यात आहे.

दुरुस्ती काहीच नाही. खूण तेवढी बाबांची म्हणून केली.

ताडपत्री काढ. जाऊ दे बाबांना.

दादा